गोल चेहऱ्याला शोभेल असं

“केस कुणाला विचारून कापलेस?”

साहेब, हा तुमचा पहिला प्रश्न. समोरच्या बाईचा डावा डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला, कपाळावरचं रक्त भुवईत वाळलेलं. आणि तुम्हाला दिसले ते केस. तुम्ही खुर्चीत रेललात, शेजारच्या शिपायाकडे बघून हसलात आणि म्हणालात, “बायको अशी पोरासारखी होऊन घरी आल्यावर कुठल्याही नवऱ्याचं टाळकं फिरेल. जा घरी. केस वाढतील, त्याचा रागही उतरेल.”

विचारलंत, पण उत्तर ऐकायला थांबला नाहीत. आता ऐका.

ही बाई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. तिथे तिला सगळ्या कॉलरच म्हणतात. कंबरेपर्यंत वेणी होती. आदल्या संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ती आक्काच्या पार्लरमध्ये आली. आक्का म्हणजे जाड चष्मा आणि त्याहून जाड आवाज. गल्लीतल्या अर्ध्या डोक्यांवरून तिचा हात फिरलेला. आरशाशेजारी चेहऱ्यांच्या आकारांचा तक्ता लावलेला: लांबट, चौकोनी, गोल, निमुळता. कुठल्या चेहऱ्याला काय शोभतं, यावर आक्का भांडायलाही तयार.

“गोल,” हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे फिरवत आक्का म्हणाली. “गाल भरलेले. खांद्यापर्यंत ठेवू, बाजूने उतरते. नवरा दारातच आडवा होईल बघ.”

“खांद्यापर्यंत नको. एकदम बारीक.”

“बारीक? अगं, फुटबॉल दिसशील!”

“दिसू दे. मुठीत येणार नाहीत, एवढे करा.”

आक्काचा हात थांबला. तिने वेणी सोडली. कानामागे नाण्याएवढी जागा उघडी होती. केस मुळासकट उपटलेले, वर खपली.

“तो मनगटाला गुंडाळतो,” कॉलर म्हणाली. शिवणीचं माप सांगावं तसं. “दोन वेढे. मग भिंतीवर.”

“सोडून का देत नाहीस त्या मेल्याला?”

“आधी केस तर सोडवा. पुढचं पुढे.”

कात्री चालली. कंबरेपर्यंतचे केस खाली पडले. मानेवरचे, कानांवरचे, सगळे केस साफ झाले. फक्त टाळूवरचे चार बोटं केस आक्काने ठेवले. “एवढे राहू देत गं. गोल चेहऱ्याला वर उंची लागते. नाहीतर नुसते गालच दिसतात.”

कॉलर नको म्हणणार होती. तेवढ्यात तिने आरशात पाहिलं. चेहरा लांबट वाटत होता. खाली मान दिसत होती, तिचीच मान. किती वर्षांनी दिसली कोण जाणे. तिने डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केलं.

“बरी दिसते का हो मी?”

“बरी? आरशासमोरून हल आता बये, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबलीत!”

दोघी हसल्या. “राहू देत मग तेवढे,” कॉलर म्हणाली.

साहेब, तिचा गुन्हा एवढाच. जीव वाचवायला आलेल्या बाईला घटकाभर छान दिसावंसं वाटलं.

नवऱ्याने “कुणासाठी?” एवढंच विचारलं. मग त्याचा हात फिरला. मानेवर काही सापडेना, कानावर सापडेना. टाळूवर सापडलं. चार बोटं पुरतात, साहेब. तेवढ्यात मूठ घट्ट बसते. त्याने तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. दात पडला, तरी आपटत राहिला. ती निपचित पडल्यावर त्याने हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि जेवला.

सकाळी ती भिंतीला धरून आक्काकडे गेली. आक्काने दुकान बंद केलं आणि तिला तुमच्यापुढे आणून उभं केलं. तुम्ही तिला घरी पाठवलंत.

ती घरी गेली नाही. आक्काच्या खुर्चीत जाऊन बसली. “उरलेलेही काढा.”

आक्काने मशीन उचललं, पण लावलं नाही. “मीच ठेवले गं ते. मलाच मिरवायची हौस.”

“हात तुमचा होता का मारायला? लावा मशीन.”

टाळू गुळगुळीत झाली आणि दार धाडकन उघडलं. तो आत आला. “चौकीवर जातेस काय?” म्हणत त्याने सवयीने तिच्या डोक्याला हात घातला. हात घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. तेव्हा त्याने गळा धरला. खुर्ची कलंडली, आरसा फुटला. काचांवर तिला पाडून तो छातीवर बसला आणि दाबू लागला. तिचे पाय आधी झाडत होते, मग नुसते हलत होते.

केस सरळ करायचा स्ट्रेटनर तापत ठेवलेला होता. आक्काने तो उचलला, त्याचं मनगट दोन पट्ट्यांमध्ये धरलं आणि दाबलं. कातडी चरचरली. जळका वास सुटला. तो सोडेना, म्हणून आक्कानेही सोडलं नाही. शेवटी त्याने सोडलं. ओरडत तो तुमच्याकडेच पळत आला.

त्याची तक्रार तुम्ही लगेच लिहून घेतलीत. त्याला पाणी दिलंत, मलम मागवलंत. आक्काला आणायला गाडी पाठवलीत. ती आता तुमच्या बाकावर बसली आहे. चष्म्याची एक काच फुटलेली.

कॉलरला कुणी बोलावलं नव्हतं. ती गाडीमागून चालत आली. तुमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. आता झाकायला काही उरलेलं नाही. कानामागची खपली, टाळूवर टाक्यांची जुनी रेघ, मागे भिंतीतला खिळा घुसला होता तिथला खड्डा. एकेकावर बोट ठेवून ती सांगते आहे. गळ्यावर बोटांचे वळ आहेत, त्यामुळे आवाज फुटत नाही. तरी सांगते आहे. “बस,” म्हणालात, तरी बसत नाही.

तुम्ही पेनला टोपण लावलंत. का लावलंत, साहेब? तिचं लिहून घेताय की नाही?