दुसऱ्या पानाचा विराम

परीक्षकाने माझ्यापुढे स्वरलिपीचं छापील पुस्तक सरकवलं आणि एका जागी पेन्सिल टेकवली. “इथे विराम कुठे आहे? दाखवा.”

नव्हताच. दोन सूर एकमेकांना चिकटून छापलेले.

“पियानोवरची एवढी गाजलेली रचना, हे नॉक्टर्न, आणि तुम्ही ऐन मध्यात त्याचा गळा दाबताय. शुक्रवारी पुन्हा या. तेव्हाही थांबलात, तर शिक्षिकेची नोकरी विसरा.”

तणतणतच घरी आले. बारा वर्षं! बारा वर्षं आत्याने त्या एका जागेवरून माझे कान पिळले होते. “थांब इथे. घाई कसली? इथे दुःख आहे, कळतंय का ठोंबे?” कळत नव्हतं, म्हणून मी रडायचे आणि मुकाट्याने थांबायचे. आमच्याकडे पुस्तक समोर ठेवायची पद्धतच नाही. आत्या वाजवणार, मी तिच्या बोटांकडे बघून उचलणार. पुस्तक कपाटात, कुलूपबंद.

आज किल्ली मागितली नाही, सरळ घेतली. पुस्तक उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. आत्याचं ते दुःख जिथे होतं, बरोबर तिथेच दुसरं पान संपत होतं. खालचा कोपरा बोटं लागून लागून काळा पडला होता.

आत्या इस्त्री करत होती. पुस्तक तिच्यापुढे आपटलं.

“हे दुःख? पान उलटायला हात मोकळा नव्हता म्हणून थांबायचीस, आणि मला अक्कल शिकवलीस?”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. “आधी नव्हते थांबत. तुझी आई उलटायची पानं. ती गेली, मग...”

“मग तसं सांगायचं ना! मी काय परकी होते?” आईचा विषय या घरात कुणी काढत नाही, त्याचाही राग उसळून आला. “चल, वाजव. पान मी उलटते. न थांबता कसं वाजतं ते ऐकू दे मला.”

ती पियानोपाशी बसली. ती जागा आली. मी पान अगदी वेळेवर उलटलं.

ती तरीही थांबली.

“नाही जमत गं,” म्हणाली.

“ऊठ मग!”

ती उठली, पण गेली नाही. माझ्या डावीकडे येऊन उभी राहिली. “बस तू. मी उलटते.”

मी दात-ओठ खात वाजवायला घेतलं. त्या जागेच्या जरा आधीच तिचा हात पुढे आला, पान फिरलं आणि माझी बोटं पुढे निघून गेली. दुःख? तिथे दुःख नव्हतंच. तिथे ती धून चक्क खुशीत वर चढत होती.

“असंच वाजायचं,” आत्या म्हणाली. “ती असताना.”

मी मान वळवली नाही. वळवली असती तर राग टिकला नसता.

“पुन्हा, पहिल्यापासून,” मी खेकसले. “आणि पान आत्ता उलटलंस तसंच उलट.”