अणदूरची पितळी शिट्टी

कुणी फुंकल्याशिवाय बोलायचं नाही, ही आम्हा शिट्ट्यांची शिस्त. ती आज मी मोडते आहे, मित्रांनो. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. वय विचाराल तर पंचेचाळीसच्या पुढे. तोंडाशी दातांचे व्रण आहेत, डाव्या कुशीला पोचा आहे आणि स्वभाव अजून पी.टी.च्या तासाचाच आहे. तेव्हा नीट बसा आणि कुजबुज बंद करा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढं आठवतं, की पत्र्याचे तुकडे वळवून, झाळून जोडले आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली, हरभऱ्याएवढी. शिट्टीचा जीव त्या गोळीत असतो. ती आत नाचली तर आवाज थरथरत लांबवर जातो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सोलापूरच्या एका दुकानातून मला अण्णाराव सरांनी विकत घेतलं. सर अणदूरला शाळेत पी.टी. शिकवायचे. वीसेक वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. माझ्या एका फुंकेवर चारशे पोरं जागच्या जागी थांबायची. ही फुशारकी नाही. म्हणजे थोडी आहेच. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी सरांच्या पत्नी सिताबाई मला चिंच लावून घासायच्या आणि मी अशी चमकायचे, की पोरं माझ्यात तोंड बघायची. सरांनी सगळ्या शाळेला एक भाषा शिकवली होती. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. तीन म्हणजे मी अडचणीत आहे, या. तीन शिट्ट्या म्हटल्यावर तुम्हाला कुकर आठवला असेल. हसू नका.

सरांना एकच मुलगी, शिवांजली. ती कॉलेजसाठी धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला निघाली, तेव्हा सरांनी मला गळ्यातून काढून तिच्या हातात ठेवलं. "कुठं अडलं-नडलं तर तीनदा वाजव," ते म्हणाले. "आपलं माणूस असंल तर ऐकून येतंच." मला त्या दिवशी वाईट वाटलं. मैदान सुटलं म्हणून नाही, तर सरांचा गळा मोकळा दिसत होता म्हणून.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एनएसएसचं शिबिर ईट गावाला भरलं. दिवसा बांध घालायचे आणि रविवारी डोंगरात भटकायला जायचं. प्रसेनजित नावाचा मुलगा गटाचा पुढारी होता. त्याने नियम केला, की रांगेत जो सगळ्यात मागे असेल त्याच्याकडे शिट्टी. शिवांजलीने सगळ्यांना सरांची शिट्टीची भाषा शिकवली आणि मला घेऊन ती मागे राहू लागली. रणधीर ईटचाच, त्याच कॉलेजात शिकणारा. चालण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी चार दिवसांत त्याचे पाय असे काही दुखायला लागले, की तोही रोज मागे! एकदा त्याने मला मागून घेतलं आणि फुंकलं. दुसऱ्याची शिट्टी तोंडात घालू नये, असं सर पोरांना बजावून सांगायचे. त्या दिवशी रणधीरनंतर शिवांजलीने मला लगेच फुंकलं, पुसलंसुद्धा नाही. आम्ही शिट्ट्या माणसाला श्वासावरून ओळखतो. तिचा तो श्वास सरळ नव्हता. मी काय ते समजले आणि गप्प बसले.

तीन वर्षं हे चाललं. दोन्ही घरं शेतकरी, नात्यागोत्यात अडचण नव्हती. अणदूरला सुपारी फुटली, चैत्रातली तारीख धरली. तेव्हा पौष होता. आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला राहायला जातो, तसा तो तिकडे गेलेला होता. दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवलं, की देवाला चालत जाऊन पाया पडून यायचं.

आता आमच्याकडची चालण्याची रीत सांगते. पुरुष पुढे, बाया मागे. मध्ये दहा-वीस पावलांचं अंतर. का, असं कुणी विचारत नाही. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. पुढे रणधीर, त्याचे चुलते महारुद्र आणि पाच-सहा पुरुष. सर शाळेच्या कामामुळे अणदूरलाच राहिले होते. मागे नव्या साडीतली शिवांजली, तिची आई आणि बाकीच्या बाया. सिताबाईंना उपास होता. अर्ध्या वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या बांधावर कोसळल्या. सोबतचं पाणी संपलेलं. पाण्याची घागर पुढच्या पुरुषांकडे होती आणि तोवर पुरुष बरेच लांब गेले होते. शिवांजलीने पर्समधून मला काढलं आणि तीनदा फुंकलं. जीव खाऊन फुंकलं.

मी तिच्या ओठांतून सगळं बघत होते. रणधीरची पाठ थांबली. मान अर्धी वळली. मग ती मान सरळ झाली आणि पाठ पुन्हा चालू लागली.

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने पाणी दिलं. सिताबाई सावरल्या, देवदर्शनही झालं. पण घरी आल्यावर शिवांजली वडिलांना म्हणाली, "बाबा, सुपारी परत करा." सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "हाक आली तरी जे वळत न्हाई, त्याच्या मागं जलमभर चालायचं व्हय मी?" सरांनी सुपारी परत पाठवली. रणधीर दोनदा अणदूरला येऊन गेला. ती भेटली नाही.

आणि मला तिने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. त्यात बटणं, हुक आणि उरलेले दोरे होते. ज्या शिट्टीने चारशे पोरं थांबवली, ती बटणांत पडली! एकवीस वर्षं, मित्रांनो. अंगावर हिरवट डाग चढले. घरातले आवाज तेवढे ऐकू यायचे, त्यावरून कळायचं. शिवांजली धाराशिवला शाळेत भूगोल शिकवू लागली. सरांना अर्धांगवायू झाला, तिने नऊ वर्षं त्यांचं केलं. सर गेले, मग सिताबाई गेल्या. तिने लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, रणधीरपायी. ते काही खरं नाही. आधी वेळ नव्हता आणि नंतर एकटीची सवय लागली. तरी एक सांगते. दर वर्षी पौष आला, की ती डबा उघडायची, मला बघायची आणि न फुंकता झाकण लावायची.

यंदा जानेवारीत प्रसेनजितचा फोन आला. आता तो बँकेत साहेब आहे, पण पुढारीपण काही गेलेलं नाही. शिबिरातल्या जुन्या मंडळींनी येडशीच्या रामलिंगापासून तुळजापूरपर्यंत बालाघाटाच्या डोंगरांतून तीन दिवस चालायचं ठरवलं होतं. "तुझी शिट्टी आण," तो म्हणाला. "आणि आधीच सांगतो, रणधीर बी येतोय. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्याची. पोरगी पुण्याला नर्सिंग शिकती. न्हाई म्हणायचं असंल तर आत्ताच म्हण." शिवांजलीने डब्याचं झाकण उघडून मला बाहेर काढलं. मग म्हणाली, "माझा गुडघा दुखतो. मी सगळ्यात मागं चालणार."

तिने मला चिंचेने घासलं, नवी दोरी ओवली, गळ्यात घातलं. फक्त फुंकून बघितलं नाही. तो आवाज तिला ऐकायचा नव्हता.

रामलिंगाला चौदा जण जमले. रणधीर दिसला. केस पिकलेले, हाताला भट्टीचे डाग. ईटला त्याची खव्याची भट्टी आहे. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांशी "बरं आहे ना" यापलीकडे बोलले नाहीत. तो पुढे चालत होता, ती मागे. दर वळणाला कुणीतरी थांबून मागे बघत होतं, पण ऊन डोळ्यांवर होतं आणि मला नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे एका लिंबाखाली जेवायला बसले. भाकरी, शेंगांची चटणी, वर हुरडा. जेवण झाल्यावर मंडळी आडवी झाली तसा रणधीर डबा घेऊन तिच्यापाशी आला. "खवा हाय. सकाळचाच."

"गोड बंद केलंय मी."

तो उठून गेला नाही. बसून राहिला. मग एकदम म्हणाला, "शिवांजली, आता अर्धं आयुष्य उरलंय. तू म्हणशील तर... आपण दोघं?"

तिने उलट विचारलं, "नळदुर्गच्या वाटंवर मी शिट्टी वाजवली होती. ऐकू आली होती का तुम्हाला?"

मित्रांनो, त्या दिवशी वारा उलटा होता. कदाचित आवाज पोचलाच नसेल, अशी एक बारीक शंका तिने एकवीस वर्षं जपून ठेवली होती. रणधीरने नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळा दोष वाऱ्यावर गेला असता.

"आली होती," तो म्हणाला. "तिन्ही आल्या."

तो खाली बघून बोलत राहिला. "मी वळलोच होतो. महारुद्र काका म्हणले, लग्नाआधीच शिट्टीवर चालाय लागला काय रं? सगळे हसले. मला त्या हसण्याचं भ्या वाटलं. वाटलं, आणिक कुणीतरी असंल मागं, बघंल. ह्याच्यापेक्षा खोटं बोललो असतो तर बरं दिसलं असतं. पर तुला न्हाई बोलणार."

शिवांजलीचा श्वास मला छातीवर लागत होता. तो चिडलेला नव्हता. फार थकलेला होता. "खरं सांगितलंत, ते चांगलं केलंत," ती म्हणाली. "बाकीचं उद्या तुळजापुरात सांगते. पण अंदाज बांधून ठेवा. ह्या वयात कुणाच्या मागं चालायची हौस न्हाई मला." दुधाने तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिते, आणि हिचं तर तोंड फारच पोळलं होतं. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या कडेवरून तुळजापूर दिसलं. घर दिसलं की बैलांचे पाय उचलतात, तशी सगळी मंडळी भराभरा उतरायला लागली. वाट वळणावळणाची, मुरमाची. प्रसेनजितला सगळ्यात मागचं माणूस आठवलं नाही. एका ओघळापाशी शिवांजलीचा पाय मुरमावरून घसरला, घोटा मुरगळला आणि ती खाली बसली. उठायला गेली तर पाय टेकवेना. मोबाइलला रेंज नव्हती. हाक मारली, पण दमलेल्या माणसाची हाक किती लांब जाणार? तिने मला ओठांत धरलं. छाती भरून श्वास घेतला. तिने तीनदा फुंकलं.

फुस्स. फुस्स. फुस्स.

माझ्या पोटातली गोळी डब्यात पडून पडून सुकली होती, तडकली होती. तिचा चुरा घशात अडकला होता. जिच्यासाठी सरांनी मला गळ्यातून काढलं, तिच्या गरजेला मी मुकी निघाले. पितळेला रडता येत नाही, हे किती वाईट असतं ते त्या दिवशी कळलं. शिवांजलीने मला उलटं करून हलवलं. तळहातावर तपकिरी भुगा पडला. "घ्या," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खालून मुरूम वाजला. कुणीतरी चढून येत होतं. त्याच्या मागून मंडळींचा ओरडा ऐकू आला, "रणधीर, आरं कुठं निघालास? देऊळ खाली हाय, वर न्हाई!" हशा झाला. कुणीतरी तोंडाने शीळही घातली.

"मागं निघालोय!" रणधीर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "शिवांजली ऱ्हायली मागं!" आणि हसणाऱ्यांना हसू देऊन तो वर आला.

तो धापा टाकत तिच्यापुढे बसला. तिने आधी पाय दाखवला नाही. मुठीतला भुगा दाखवला. "शिट्टी वाजलीच न्हाई. मग कळलं कसं?"

"शिट्टीची कशाला वाट बघायची?" तो म्हणाला. "तीन दिवस झाले, दर वळणाला मागं बघतोय. ह्या वळणाला तू दिसली न्हाईस."

तिने मुठीतला भुगा झटकून टाकला. मग म्हणाली, "एकवीस वर्षं उशीर केलास."

"व्हय," तो म्हणाला. त्याने आपला रुमाल पाण्यात भिजवून तिच्या घोट्याला घट्ट बांधला आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. लंगडणाऱ्या माणसाला आधार द्यायचा तर पुढे चालून भागत नाही आणि मागे राहूनही नाही. दोघं बरोबरीने उतरले. वाट अरुंद होती, पण मावले. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि म्हणाली, "खवा उरलाय का रे?"

एप्रिलमध्ये धाराशिवच्या कचेरीत त्यांचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून पुण्याहून रणधीरची मुलगी निकिता आली आणि प्रसेनजित तर होताच. शिवांजलीने नोकरी सोडली नाही. रणधीर आठवड्यातले चार दिवस ईटला भट्टीवर असतो, एरवी एसटीने धाराशिवला येतो. मागच्या महिन्यात त्याने एका बाटलीचं बूच कोरून कोरून हरभऱ्याएवढी गोळी केली आणि माझ्या पोटात सारली. तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. आता मी दाराशेजारच्या खिळ्यावर असते आणि वाजतेही छान.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू डब्यात पडली असेल तर तिला बाहेर काढा. पुसा, घासा, कधीतरी वापरा. वस्तू वापराने झिजत नाहीत एवढ्या पडून राहून बिघडतात. आणि चालताना, घर जवळ दिसायला लागलं तरी, वळणावर थांबून मागे एकदा बघत जा. सगळ्यांच्याच गळ्यात शिट्टी नसते, आणि असलेली वाजेलच असंही नाही. माझ्यामुळे चारशे पोरं थांबायची हे मी तुम्हाला फुशारकीने सांगितलं. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कोणता म्हणाल, तर ज्या दिवशी मी वाजले नाही आणि तरीही तो आला, तो.