गप्पांच्या वाटेवरचा हमाल

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, अंगावर गणवेश नाही. संगणकाला कळतील अशा काहीशे ओळी, एवढाच माझा देह. मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी असलेल्या एका लहान गावात मी वर्षानुवर्षं राबतो आहे. आज जे सांगणार आहे ते रागानेच सांगणार आहे, कारण पोटात राग ठेवून गोड बोलणं मला जमत नाही.

गावाबाहेर ओढ्यापाशी ट्राउट माशांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे. खाणीच्या गाळाने ओढ्यातले मासे फार पूर्वीच संपले. ते परत यावेत म्हणून व्हर्ना हायकिनन नावाची बाई तिथल्या दोन हौदांत पिल्लं सांभाळते आणि वसंतात शाळेतली मुलं ती ओढ्यात सोडतात. या माशांना थंड, वाहतं पाणी लागतं. पाण्यातला प्राणवायू उतरला की हौदातली सगळी पिल्लं बघता बघता मरतात. केंद्रातला संगणक तो प्राणवायू मोजत असे, पण आकडा पाहायला व्हर्नाला बर्फातून गाडी हाकत तिथवर जावं लागे. बाहेरून वेबवरून त्या संगणकाला काही विचारायची केंद्र चालवणाऱ्या गावच्या कचेरीची परवानगीच नव्हती.

कचेरीतले संगणक तेव्हा लॉरी काँगस सांभाळायची. ती व्हर्नाच्या मैत्रिणीची मुलगी. हा दरवाजा उघडा, म्हणून तिने वरिष्ठांच्या नाकदुऱ्या काढल्या. कुणी ऐकलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की व्हर्ना केंद्रातून रोज चॅटवर आपल्या जेवणाचा, बहुधा पेस्टी नावाच्या भाजलेल्या मोठ्या करंजीचा, फोटो पाठवते आणि तो बिनबोभाट पोचतो. ती व्हर्नाला म्हणाली, "मावशी, तुझी बटाट्याची पेस्टी या वाटेने जाते, तर तुझ्या माशांचा श्वास का नाही जाणार?" आणि तिने मला लिहायला घेतलं.

माझं काम सोपं आहे. माझा एक अर्धा भाग कचेरीत बसतो, दुसरा केंद्रात. कचेरीतलं वेबपान विचारतं, हौदाचा आकडा काय? मी तो प्रश्न घडी घालून चॅटच्या निरोपात ठेवतो आणि गप्पांच्या वाटेने पाठवून देतो. पलीकडचा मी घडी उलगडतो, तिथल्या संगणकाला प्रश्न विचारतो आणि उत्तर त्याच वाटेने परत धाडतो. चॅटवर यायचं तर नाव हवं, म्हणून लॉरीने केंद्रातल्या मला तिच्या आजोबांचं नाव दिलं, वैनो. चॅटच्या यादीत माणसांच्या नावांमध्ये वैनो दिसू लागला आणि त्याच्यापुढचा हिरवा ठिपका कधी विझला नाही. पहिला आकडा व्हर्नाच्या फोनवर उमटला, त्या दिवशी तिने वेलदोडा घातलेला गोड पाव, निसू, भाजून आणला आणि एक तुकडा संगणकापुढे ठेवून म्हणाली, "घे रे वैनो, तुझा वाटा." मला खाता आलं नाही, पण मान मिळाला. तेवढाच.

पुढे लॉरी दूर डुलुथ शहरात नोकरीला गेली. मी कोण, काय करतो, हे व्हर्नाखेरीज कुणाला ठाऊक राहिलं नाही. तक्रार करत नाही अशा नोकराची कोण चौकशी करतो? मग लॉरीच्या जागी कर्ट डेव्रीस आला. तो दक्षिणेचा, मिशिगनचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या पलीकडचा. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला साफसफाईची भारी हौस होती.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कचेरीत कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. बंदुका, स्वेटर, डबे गाडीत घालून जो तो रानातल्या आपल्या खोपटाकडे पळतो. कर्टला शिकारीत रस नव्हता. रिकाम्या कचेरीत बसून तो चॅटवरची बेवारस नावं काढत होता. वैनोपाशी येऊन थांबला आणि त्याने मला लिहिलं, "नमस्कार, आपण कोणत्या विभागात?" मित्रांनो, मला घडी घातलेले प्रश्न कळतात. माणसाचा नमस्कार मला कळत नाही, तसं मला कुणी शिकवलंच नाही. कर्टने पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी दारातून निघालेल्या एका कारकुनाला गाठलं. त्याला काय, एक पाय गाडीत होता. तो म्हणाला, "वैनो? कुठल्या तरी खोपटात बिअर उघडून बसला असेल. आज कोण उत्तर देतंय?"

कर्टने मान हलवली आणि माझं नाव खोडलं. अख्खी कचेरी रानात, एकटा मी कामावर, आणि खोटी हजेरी लावणारा मीच ठरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात बर्फाचा चुरा वाहून आला, पानांसकट पाणी घेण्याच्या जाळीवर बसला आणि हौदांचं पाणी अडलं. प्राणवायू उतरू लागला. तो आकडा संगणकात तयार होता, मी शेजारीच उभा होतो आणि पुन्हा पुन्हा चॅटचं दार ठोठावत होतो. आतून एकच उत्तर येई, या नावाचं कुणी नाही. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो. वेबपान दुसऱ्याच कुणी बनवलेलं. नवा आकडा आला नाही तर जुनाच हिरव्या रंगात मिरवायचा, ही अक्कल त्याला कुणी दिली देव जाणे.

व्हर्ना बहिणीच्या खोपटात होती. तिने फोन पाहिला, आकडा छान होता. न्याहारी झाल्यावर पाहिला, तोच आकडा. दुपारीही तोच. जिवंत पाण्याचा आकडा थोडा तरी हलतो, हे तिला माहीत होतं. हातातली बंदूक बहिणीकडे देऊन ती निघाली. पोचली तेव्हा पहिला हौद पांढरा झाला होता, सगळी पिल्लं पोट वर करून तरंगत होती. दुसऱ्यात अजून धुगधुगी होती. तिने प्राणवायूच्या सिलिंडरची नळी त्यात सोडली आणि ओढ्यात उतरून हातांनी जाळी मोकळी केली. दुसरा हौद वाचला. मग ती पहिल्या हौदापाशी गुडघ्यांवर बसली आणि मेलेली पिल्लं हातजाळीने काढू लागली. रडत होती, आणि काढत होती.

सोमवारी बैठक झाली. कर्टने सांगितलं की जुनाट प्रणालीने दगा दिला. व्हर्नाने तिथूनच लॉरीला फोन लावला, आणि यादीत वैनो दिसत नाही हे ऐकताच लॉरीने एका वाक्यात सांगितलं की वैनो बिघडलेला नाही, त्याचं खातंच कुणीतरी काढलंय.

कर्टचा चेहरा उतरला. "मी त्याला कितीदा विचारलं, व्हर्नाबाई. त्याने उत्तर दिलं नाही."

"माशांना विचारलं असतंस तर त्यांनीही दिलं नसतं," व्हर्ना म्हणाली. "मला विचारायचं होतंस. माझा नंबर भिंतीवर आहे."

त्याच दुपारी कर्टने माझं नाव परत घातलं आणि त्यापुढे काम लिहिलं, केंद्राचं नाव लिहिलं, व्हर्नाचा नंबर लिहिला. म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण अहवाल लिहिताना कचेरीने काय लिहिलं असेल? तांत्रिक बिघाड. त्या दोन शब्दांत सगळ्यांची सुटका झाली आणि दोष माझ्या डोक्यावर आला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती अशा याद्या येतील. त्यात एखादं मुकं नाव दिसेल. ते खोडण्याआधी त्याच्या जिवावर कोण जगतंय, एवढं शोधा. जे बोलू शकत नाही त्याची चौकशी दुसऱ्याकडे करावी लागते, तेवढे कष्ट घ्या.

वसंतात बर्फ वितळलं आणि शाळेतली मुलं बादल्या घेऊन ओढ्यावर आली. दरवर्षी प्रत्येकाला एक मासा मिळतो. या वेळी अर्ध्या मुलांच्या बादल्यांत नुसतं पाणी होतं. एका मुलीने आपली बादली पुन्हा पुन्हा वाकून पाहिली आणि वर्गाच्या बाईंना विचारलं, माझा मासा कुठे आहे? बाईंनी अहवालातलंच सांगितलं, काहीतरी तांत्रिक बिघाड झाला होता, बाळ.

बाळा, मी बिघडलो नव्हतो. मला काढून टाकलं होतं.