बियाण्याचं पिंप

वॉचमन सुट्टीवर घरी आला की काहीतरी सुधारून जातो. मागच्या खेपेला त्याने पुढचं दार सुधारलं. ते आता लागत नाही. या खेपेला त्याने बियाणं सुधारलं.

घरात दोन पिंपं. एक खायच्या मक्याचं. ते पेरणीच्या तोंडाशी हमखास तळ दाखवतं. दुसरं बियाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, असा वॉचमनच्या आईचा कायदा. काल दुपारी सगळे शेतात असताना वॉचमनने शहरातून आणलेली किडीची पावडर त्या दुसऱ्या पिंपात ओतली, फावड्याच्या दांड्याने ढवळली, हात साबणाने धुतले आणि कोणाला काही सांगितलं नाही. कौतुकासाठी तो योग्य वेळ शोधत होता.

ती आज जेवताना सापडली.

"यंदा किडीची चिंता नाही," घास उचलत तो म्हणाला. "बियाण्यात औषध घातलंय. असलं जालीम, उंदराने हुंगलं तरी आडवा."

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. "कधी घातलंत?"

"काल."

"म्हणजे ती राख नव्हती?"

"कसली राख?"

"आई घालतात ती." ती खालीच बसली. "अहो, खायचं पिंप संपलंय. मी बियाण्यातल्या चार ओंजळी काढल्या. पाखडल्या, सकाळी दळून आणल्या."

वॉचमनने हातातला घास अगदी हळू ताटात ठेवला, जणू तो जागा होईल.

"कोणी खाल्लं?"

"भिंगरीने. तिला दम निघत नव्हता."

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. नाव कमावलेलं, दुपारी ती एका जागी कधी सापडली नव्हती. आत्ता ती आतल्या खोलीत गाढ झोपली होती.

त्याने तिला हलवलं. पुन्हा हलवलं. "जा ना बाबा," म्हणत तिने कूस बदलली. तिचे पाय गार होते. ते नेहमीच गार असतात की आत्ताच झाले, हे दोघांनाही आठवेना.

आई अंगणातून आली, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "दूधवाल्याची गाडी थांबवा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधाचा डबा आणलाय?"

"पुरून टाकला," वॉचमन म्हणाला. "पोरीच्या हाती लागू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग भिंगरीला खाटेवर निजवलं. ओकारी, घाम, श्वास, सगळ्यावर नजर ठेवायची, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. तिघं बाकावर बसून एका लहानशा छातीचं वरखाली होणं बघत राहिले. मध्येच ते थांबल्यासारखं वाटायचं. मग तिघंही श्वास धरायचे.

"बियाणं शाबूत आहे," आई एकाएकी म्हणाली. "अंथरुणाच्या ट्रंकेत."

"मग पिंपात काय होतं?" वॉचमनने विचारलं.

"खायचंच. पीक येईपर्यंतचं. एका वर्षी आपण बियाणं खाऊन बसलो ना, तेव्हापासून जागा बदलली. खायचं म्हटलं की माणूस टोपलीने काढतं. बियाणं चोरायचं म्हटलं की ओंजळीने."

"म्हणजे मी इतकी वर्षं रडत रडत आपलंच खात होते?" सून म्हणाली.

"रडत होतीस म्हणून पुरत होतं."

ऊन उतरलं तशी भिंगरी उठून बसली, पाणी प्यायली आणि खाटेचं चाक फिरवू लागली. बायकोने तिला इतकं घट्ट धरलं की पोर किंचाळली.

"पाखडलंत म्हणून निभावलं बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिंपातलं सगळं पुरा. कोंबड्यांनाही घालू नका."

परतीच्या गाडीत आई बोटांवर पीक येईपर्यंतचे महिने मोजत होती.

"माझा पगार आहे ना," वॉचमन म्हणाला.

त्या पगारावर घर महिन्याचे पहिले काही दिवस जेवतं. पुढचं शेताच्या अंगावर. दोघी हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"ट्रंकेतलं थोडंसं..." तो पुटपुटला.

घरी आल्यावर आईने ट्रंक ओढून कोपऱ्यात घेतली आणि तिच्यावर बसली.

"आई, आत येऊन पड की."

"दार सुधारलंयस ना तू? लागत नाही ते," ती म्हणाली. पण ती दाराकडे बघत नव्हती; घरातल्यांकडे बघत होती.

भिंगरीने येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आजी, भूक लागली."

म्हातारीने तिच्या केसांवरून हात फिरवला. जागची मात्र ती हलली नाही.