पाठमोरी

"आजसुद्धा ओलेच." पिशवीतून फ्रॉक काढून मी नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "फ्रॉक, चड्डी, लाळेरं, सगळं ओलं."

"मग वाळत घाल," मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला. "तू खरं तर पोलिसात जायला हवं होतंस."

ठमी तेव्हा चौदा महिन्यांची होती. मी कामावर परत रुजू होऊन महिना झाला होता आणि लेकीचा दिवस कसा गेला असेल, ते पाळणाघरातल्या मावशींच्या चेहऱ्यावर शोधत होते. तिथे काही सापडायचं नाही. सकाळी दारात त्या ठमीला जवळजवळ हिसकावूनच घेत, खांद्यावर टाकत आणि पाठ फिरवून आत जात. "मावशी, रात्री तिला जरा..." म्हणेपर्यंत आतल्या दाराचा पडदा पडलेला असायचा. संध्याकाळी पिशवी हातात.

"जेवली का नीट?"

"जेवली."

"रडली?"

"नाही."

संपलं. बाकीच्या आयांशीही त्या अशाच वागायच्या, हे मला दिसत होतं. तरी ती पाठ मला रोज एकच सांगायची: चालली बघा, एवढंसं लेकरू टाकून. असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मला मात्र ते त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं.

दाराशी पालकांसाठी सूचनांची वही होती, दोरीने बांधलेली. एका शुक्रवारी, ओल्या कपड्यांची पिशवी मनगटाला अडकवून, मी तीत लिहिलं: 'मावशी पालकांशी संवाद साधत नाहीत. मुलांना ओढून घेतात. कपडे ओले परत येतात.' कॉलेजात शिकल्यासारखं, मुद्देसूद. खाली सही. माझ्याखाली आणखी दोघींनी 'सहमत' लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मावशींना काढलं आणि दारात नवी ताई आली. हसरी, बोलकी. "आली का आमची राणी!" ती ठमीला माझ्याकडे तोंड करून धरायची, तिचा हात हलवायची. "आईला टाटा कर बरं." ठमी किंचाळायची. कोपऱ्यावर वळले तरी मला ते ऐकू यायचं. दुपारी फोनवर तिचा हसरा फोटो यायचा.

कपडे कोरडे यायला लागले. कोरडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले. उघडलं की आंबलेल्या दुधाचा वास. गाजराचे डाग दिवसभरात असे बसलेले, की घासून घासून माझी बोटं लाल व्हायची. अशीच एकदा नळाखाली उभी असताना माझा हात थांबला. मावशी कपडे धुऊन पाठवत होत्या. ते संध्याकाळपर्यंत वाळत नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी तिथल्या स्वयंपाकीणबाईंना गाठून कपड्यांचं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं? बारा पोरांचे धुवायची हातानं. मी म्हणायचे, सांगितलंय का कुणी? तर म्हणे, डाग बसला की आईला वाटतं, लेकरू दिवसभर घाणीत होतं."

"मग आमच्याशी बोलत का नव्हत्या?"

"दारात बोलत बसलं की मूल आशेवर राहतं, असं म्हणायची. आई जातेय की थांबतेय, त्याला कळत नाही. म्हणून झटकन पाठ फिरवायची. आत आली की काय ती गाणी, काय त्या नकला. आम्हालाच गप्प करावं लागायचं तिला."

"पाळणाघराच्या मॅडमनी विचारलं नाही त्यांना?"

"विचारलं की. वही पुढ्यात ठेवली. ही म्हणाली, लिहिलंय ते खरं आहे." बाईंनी पदराला हात पुसले. "बाहेर आल्यावर मला म्हणाली, अक्षर मात्र सुरेख आहे हो."

मी मॅडमना भेटले. जागा भरली होती, मावशींचा पत्ता कुणाकडे नव्हता. मी वहीत पुन्हा पानभर लिहिलं, सगळं, खालच्या सहीसकट. त्याखाली 'सहमत' कुणी लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी त्या मला बस थांब्यावर दिसल्या, रस्त्यापलीकडे. खांद्याला जड पिशवी. मी ठमीला कडेवर घेऊन घाईने रस्ता ओलांडू लागले. काय बोलायचं ते कितीतरी वेळा घोकून ठेवलं होतं. पण माझ्याआधी ठमीला त्या दिसल्या. ती अख्खी पुढे झेपावली, दोन्ही हात पसरून.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. इतके दिवस तो पडद्याच्या आतच असायचा. मग त्यांची बस येताना दिसली, आणि त्यांनी झटकन आमच्याकडे पाठ फिरवली.

ठमीचे हात तसेच पसरलेले राहिले. मी दुभाजकापाशीच थांबले. बस येऊन लागेपर्यंत त्या तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीला हलकेहलके थोपटत होता.