साठ पांढरे कोट

गाठोडं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत चिमाने बेल दाबली आणि लगेच एक पायरी खाली उतरून उभी राहिली. दार उघडणाऱ्याला आपण अगदी अंगावर आल्यासारखं वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं. गाठोड्यात दवाखान्याच्या मदतनिसांचे साठ पांढरे कोट होते. सगळे बेतून, कापून झालेले, काही खांद्याला जोडलेले. वर एक चिठ्ठी टाचलेली होती: नग साठ, शनिवारी दुपारपर्यंत, आणि खाली दवाखान्याच्या स्टोअरचा फोन नंबर. आज बुधवार होता.

बेबीने दार उघडलं.

"अगं, आजपण?"

हसूनच म्हणाली ती. पण सोमवारी ती "आलीस का, ये" म्हणाली होती आणि मंगळवारी "ये" एवढंच.

चिमा आणि बेबी शाळेपासूनच्या मैत्रिणी. चणीने लहान म्हणून ती चिमा, आणि घरातलं शेंडेफळ म्हणून ही बेबी. आता दोघींनी पन्नाशी ओलांडली होती. बेबीला सून आली होती, चिमाच्या डोळ्यांवर जाड चष्मा आला होता, पण नावं तीच राहिली होती. लहानपणी शिवलेला कपडा कुणी कधी उसवून मोठा केलाच नाही, तशी.

कापडाच्या कडा कापून गुंफणारं ओव्हरलॉकचं मशीन आतल्या खोलीत खिडकीपाशी होतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ते चिमाच्या घरी होतं. बारा वर्षं होतं. नवरा ट्रक चालवायचा. पाठीचा मणका सरकला, ऑपरेशन करावं लागलं, आणि तो पलंगावर पडला तो अजून नीट उठला नव्हता. घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती. जुन्या मशीनींचा व्यापारी येऊन चाक दोनदा फिरवून गेला आणि त्याने बरा भाव सांगितला. त्याच संध्याकाळी बेबी आली.

"परक्याला कशाला देतेस? मी घेते. माझ्याकडे राहिलं म्हणजे तुझ्याकडेच राहिलं. वाटेल तेव्हा ये, बस, शिव."

बेबीचा भाव व्यापाऱ्याच्या मानाने बराच कमी होता. चिमाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उरलेली किंमत बेबीने त्या शेवटच्या वाक्यात दिली आहे, असा तिने हिशेब केला. लिहून वगैरे घ्यायचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत कागद काढायचा म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवण्यासारखं. तिने व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मैत्रिणीला देतेय, असंही सांगितलं. तो जरा थांबला आणि "बरं" म्हणाला. ते "बरं" तिला तेव्हा नीट ऐकू आलं नव्हतं.

नंतर जवळजवळ तीन महिने ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही. लागलंच तर आहे, या भरवशावर ती साध्या मशीनवर फॉल, उशांचे अभ्रे, जुन्या पॅंट्स आखूड करणं असलं किरकोळ काम करत राहिली. मग दवाखान्याचं काम आलं. स्टोअरवाले साहेब म्हणाले, हे साठ कोट वेळेवर आणि नीटनेटके आले, तर वर्षभराचं सगळं काम तुम्हालाच. चादरी, पडदे, कोट, सगळं. फक्त आतून कडा ओव्हरलॉक केलेल्या पाहिजेत. धुलाई कडक असते, सुतं निघालेली चालत नाहीत. चिमाने लगेच होकार दिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो पलंगावरून छताकडे बघत म्हणाला, "वर्षभराचं असलं तर घरमालकाला तोंड दाखवता येईल." मशीनचं त्याने विचारलं नाही. तिनेही ते मनावर घेतलं नाही. मशीन तर होतंच.

सोमवारी आणि मंगळवारी मशीन मोकळं मिळालंच नव्हतं, आणि आजही खोलीत गेल्यावर तिला दिसलं, मशीनवर बेबीची सून बसली होती. समोर मोबाइल उभा करून ठेवलेला, त्यात कुणीतरी बाई वळणाची कड कशी मारायची ते दाखवत होती. सुनेने मान वर करून "या काकू" म्हटलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

चिमा स्टुलावर बसली. गाठोडं मांडीवरच ठेवलं, खाली ठेवलं तर इथे बराच वेळ बसायचं ठरवून आल्यासारखं दिसलं असतं. बेबीने चहा आणला. बोलणं नवऱ्याच्या पाठीवर गेलं, मग बेबीच्या गुडघ्यांवर, मग भाजीच्या भावांवर. चिमा हो ला हो करत होती आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होती. एका कोटाला या मशीनवर सहा-सात मिनिटं. साठ कोटांना किती, हे गणित तिने रात्री केलं होतं आणि सकाळपासून ते दर अर्ध्या तासाने आपोआप बदलत होतं.

कप विसळून आल्यावर बेबी हात पुसत म्हणाली,

"पातं गेलेलं होतं, ते बोलली नाहीस तू."

"कुठलं पातं?"

"मशीनचं. कापड कुरतडायचं. मेकॅनिकला बोलावलं, तर म्हणाला, हे दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं. त्याचे वेगळे गेले." मग, "जाऊ दे. आपल्यात काय."

पातं बोथट झाल्याचं चिमाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं असंही नाही. कापड मशीनखाली जाताना डाव्या हाताने ते किंचित पात्याकडे रेटायचं, म्हणजे नीट कापलं जायचं. हात ते कधी शिकला ते तिला आठवत नव्हतं. तिच्या हाताखाली मशीनला काही झालेलंच नव्हतं. पण हे सांगायचं कसं? ऐकणाऱ्याला ते लपवल्यासारखंच वाटणार. आणि बेबीने हे आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल, हेही तिला सुनेच्या न वळलेल्या मानेवरून कळलं.

सून जेवायला उठली तेव्हा चिमा मशीनवर बसली. बसल्याबरोबर तिला बरं वाटलं. उंची तीच, पायाखालचं पेडल तेच. तिने पहिली बाही घेतली, पाय दाबला आणि डावा हात आपलं काम करून गेला. नवं पातं लोण्यातून गेल्यासारखं आत शिरलं. बाहीत बोटभर खोल खाच पडली.

तिने ती बाही बाजूला ठेवली, दुसरी घेतली. हाताला बजावलं, गप्प राहा. चार बोटं कड सरळ गेली आणि मग लक्ष जरा कुठे तरी सुटलं. पुन्हा खाच. तिसरी तिने इतकी हळू घेतली की टाके एकमेकांवर चढले. कापड दवाखान्याने मोजून दिलेलं होतं, चिंधीही उरली नव्हती.

दारात बेबी उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"राहू दे आज," ती म्हणाली. "दमलीयेस तू."

चिमाने बिघडलेल्या बाह्या इतरांच्या मध्ये घातल्या, दिसू नयेत अशा, आणि गाठोडं बांधलं.

दुपारभर ती घरी खिडकीत बसून हाताने कडा शिवत राहिली. साध्या सुईने, टाका घालून टाका. उजेड गेला तेव्हा चार कोट झाले होते आणि तर्जनीची सुईने चाळण केली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारून आली. तो म्हणाला, त्याचंच काम गळ्याशी आलंय, पुढच्या आठवड्यात बघू. व्यापाऱ्याला फोन केला, दोन दिवस भाड्याने एखादं मिळेल का. त्याने ओळखलं तिला. भाड्याने देत नाही म्हणाला, आणि मैत्रिणीकडे आहे ना तुमचं, असं अगदी साधेपणाने विचारलं. तिने फोन ठेवला.

नवऱ्याने पलंगावरून विचारलं, "कुठवर आलं?"

"होतंय."

गुरुवारी सकाळी ती रस्ताभर एकच वाक्य मनात घोळवत गेली. कुठल्या शब्दापासून सुरू करावं ते ठरत नव्हतं. बेबीच्या पायऱ्या चढताना तिने ते तिसऱ्यांदा बदललं, आणि दार उघडल्यावर जे तोंडून बाहेर पडलं ते त्यातलं कुठलंच नव्हतं.

"बेबी, मशीन मला परत दे. हप्त्याने फेडीन. पात्याचेसुद्धा देईन."

बेबीने तिला आत घेतलं, बसवलं. पंखा लावला. मग समोर बसून बराच वेळ आपल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"तुला मी नाही कसं म्हणू, सांग. पण हिचं बघ ना." तिने आवाज खाली आणला. "लग्न होऊन आली तेव्हापासून नुसती खोलीत बसून असायची. बोलायची नाही कुणाशी. या मशीनवर बसायला लागली तशी माणसात आली. आता काढून घेऊ तिच्याकडून?"

खोटं नव्हतंच ते. कालची मोबाइलपुढची वाकलेली मान चिमालाही दिसली होती. तिला तिची स्वतःचीच, विशीतली मान आठवली असती, पण आज असलं काही आठवायला तिला सवड नव्हती.

"असं कर," बेबी म्हणाली, "गाठोडं ठेवून जा इथे. कडा ती मारून देईल. तिचा हात बसलाय आता. पैशाबिशाचं नाव काढू नकोस. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जा."

चिमाने गाठोडं सोडलं. बिघडलेल्या बाह्या मधून काढून वर ठेवल्या आणि दाखवल्या. तीन आहेत, म्हणाली. बेबीने त्या उलटून पालटून बघितल्या. चिमाला वाटलं होतं तिला आता हलकं वाटेल. मोकळे हात घेऊन रस्त्याने चालताना तिला ते कुठे ठेवावेत ते कळेना.

शुक्रवारी ती पाच वाजता पोहोचली. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर, साठ कोट घड्या घालून ठेवले होते. कडा मारलेल्या, बाह्या जोडलेल्या, काज-बटणं केलेली, इस्त्री झालेली. कडाच तेवढ्या करायच्या होत्या. तिने वरचा एक उचलला, आतून उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं. टाका एकसारखा होता. दुसरा उचलला. तोही.

"रात्रंदिवस बसली पोरगी," बेबी म्हणाली. "मी काज केली. मजा आली गं, खरं सांगते."

"आणि त्या तीन बाह्या?"

बेबी टेबलाचा कडेचा भाग पुसायला लागली. तिथे काही सांडलेलं नव्हतं.

"चिठ्ठीवर नंबर होता. म्हटलं, तुला कुठे आणखी त्रास. मीच फोन केला, थोडं कापड द्या म्हणून. ते साहेब जवळच राहतात. कापड घेऊन स्वतःच आले दुपारी. बसले, चहा घेतला. मशीन बघितलं. हिचं काम बघितलं. मी सांगितलं त्यांना, काम तुझं आहे. अगदी पहिल्यांदाच सांगितलं. ते म्हणाले, ज्यांच्याकडे मशीन त्यांच्याकडेच ऑर्डर टाकलेली बरी, मधे माणसं नकोत. येत्या सोमवारी चादरी येणार आहेत."

आतल्या खोलीत मशीन चालू होतं. मग थांबलं. सून दारात आली, हातात उरलेल्या कापडाचा तुकडा धरून. तिच्या बोटाला पट्टी होती.

"काकू, मला कापता येत नाही अजून," ती म्हणाली. तिचा आवाज चिमाने पहिल्यांदाच पुरता ऐकला. "शिवते मी. पण बेतून, कापून तुम्ही द्याल का? सासूबाई म्हणाल्या, त्याचे रोजचे पैसे देऊ."

"रोजचे म्हणजे," बेबी घाईने म्हणाली, "तसं नाही गं. आपण मिळूनच करू. तू घरचीच."

चिमाने हातातला कोट पुन्हा टेबलावर ठेवला, घडीवर घडी बसेल असा. खांद्याच्या शिवणीपाशी एक सूत राहिलं होतं. तिने ते बोटाने ओढलं नाही. पर्समधून छोटी कात्री काढून मुळाशी कापलं.

"खांद्याच्या शिवणीत माया थोडी जास्त सोडायची," ती सुनेला म्हणाली. "धुतल्यावर आटतात हे. सोमवारी किती वाजता येऊ?"

"दहाला चालेल?" सून म्हणाली.

"चालेल."

घरी आली तेव्हा नवरा जागाच होता. ती आत जाऊन पाणी प्यायली, चप्पल जागेवर लावली, गॅसवर भांडं ठेवलं. त्याने तिचं सगळं होऊ दिलं आणि मग विचारलं,

"गेले का कोट?"

"उद्या जातील. झालेत सगळे."

"आणि काम? ते वर्षभराचं?"

भांड्यातलं पाणी अजून तापायचं होतं. चिमा त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"मिळालं," ती म्हणाली. "सोमवारपासून."

त्याने दोन्ही हात गादीवर टेकवले, दात आवळले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणालाही हाक न मारता उठून बसायला लागला. अर्ध्यात तो अडला. चिमा पुढे झाली, त्याच्या पाठीमागे उशी उभी केली आणि ती सरकू नये म्हणून हाताने धरून ठेवली.

"बघ," तो दम खात म्हणाला, "बघ, जमलं की नाही."

"जमलं," चिमा म्हणाली.