दळणारीचं नाव

पन्हाळ्यावर आम्ही चार रिटायर मास्तरांनी मिळून एक छोटं संग्रहालय काढलंय. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, “शिवकालीन काय हाय?” काही नाही म्हटलं, की तोंड फिरवून थेट झुणका-भाकरीकडं. शेवटी माझं डोकं फिरलं. पेठ वडगावच्या भूपाल चौगुलेनं एक जुनं जातं आणून दिलं होतं, त्यावर मी ठोकून दिली पाटी : ‘शिवकालीन जाते. देणगीदार : भूपाल चौगुले.’ तेव्हापासून सगळी गर्दी जात्याभोवतीच.

परवा भूपालची आई, रत्नाबाई, तरातरा आत आली.

“मास्तर, जातं द्या. उद्या नातीची हळद हाय. भूपाल्यानं मला न इचारता दिलंय. आमच्यात ह्याच जात्यावर हळद दळत्यात.”

“आक्का, एवढी जुनी वस्तू बाहेर जात नसते,” मी आवाज चढवला.

“जुनी? माझ्या लग्नाच्या साली सासऱ्यानं बाजारातनं आणलंय! मग मी काय शिवकालीन हाय व्हय?”

दारात कोल्हापूरची पावणं तिकिटं काढत होती. जातं गेलं तर संग्रहालयाला टाळं, आणि म्हातारी बोलली तर अब्रूही गेली. मी हातच जोडले. “आक्का, हळद इथंच दळा. पण ते बाजाराचं तेवढं बोलू नका.”

“बरं. न्हाय बोलत.”

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बायका आल्या. जात्याला हळकुंड बांधलं, ओव्या सुरू झाल्या. पर्यटक मोबाईल काढून भोवती उभे. रत्नाबाई खुंटा धरून बसली ती उठेचना. नवरी ऐश्वर्या ‘आज्जी, कंबर धरंल’ म्हणत होती, पण म्हातारी ऐकतेय कुठली! तिचा हात असा सवयीनं फिरत होता, की मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, “आज्जी, खरंच शिवकालीन हाय काय हे?”

रत्नाबाईनं पदरानं घाम पुसला.

“मास्तर शिकल्यालं मानूस. म्हनत्यात म्हंजे आसंलच की. पर देनाऱ्याचं नाव लिवलं आनि दळनारीचं इसरलं बघा. लिवा मास्तर : महाराजांच्या राज्यात हे जातं रत्नाबाईनं वडलं.”

सगळे खो खो हसले. ती हसली नाही. मी मार्कर काढला. पाटीवर जागाच नव्हती, म्हणून भूपालचं नाव खोडलं.